घरांतील अबोल दुखणें

(आकाशवाणीवरील भाषण)

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो एका पुरुषानें, आणि तोही माझ्यासारख्या पेन्शनर मास्तरानें, आकाशवाणीवर मांडावा कीं नाहीं, अशी शंका पुष्कळांच्या मनांत येईल. माझ्याही मनांत ती आली होती. मी डॉक्टर नाहीं. 1975 सालीं मॅट्रिक झालों, पुढें शिक्षकाची पदविका घेतली आणि अडतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना अंकगणित व व्याकरण शिकविण्यांत घालविलीं. परंतु या विषयाचा अनुभव माझ्या जवळच्या माणसांत दोनदां आला. एकदां मीं कांहींच केलें नाहीं; दुसऱ्यांदा थोडेंफार केलें. या दोहोंमध्यें किती अंतर पडतें, तें सांगावें एवढ्याचसाठीं मी आज आपणांसमोर आलों आहें. माझ्या पत्नीची संमति घेऊनच बोलत आहें. किंबहुना, "सांगाच तुम्ही, कोणीतरी सांगायलाच हवं," असें तिनेंच मला म्हटलें.

विषय असा आहे. स्त्रीची मासिक पाळी बहुधा वयाच्या पंचेचाळीस ते पंचावन्न या दहा वर्षांत केव्हां तरी कायमची थांबते. लागोपाठ बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे ती गेली, असें वैद्यकशास्त्र मानतें. त्यानंतर केव्हांही, दोन वर्षांनीं असो वा वीस वर्षांनीं, अंगावरून रक्त गेलें, मग तें पुष्कळ असो वा कपड्यावर पडलेला एकच तांबूस डाग असो, तर ती पाळी नव्हे. गेलेली पाळी अशी परत येत नाहीं. तें रक्त कशाचें तरी चिन्ह असतें, आणि तें कशाचें हें तपासणीवांचून कोणालाही सांगतां येत नाहीं. माझ्या भाषणांतील इतर सर्व आपण विसरलांत तरी चालेल. एवढें मात्र लक्षांत ठेवावें.

हें मला ठाऊक नसल्यामुळें काय झालें, तें आधीं सांगतों.

आमची आक्का माझ्याहून बारा वर्षांनीं मोठी. आई लवकर गेली. तेव्हां मला आक्कानेंच वाढविलें असें म्हटलें तरी चालेल. 2000 सालच्या भाऊबीजेला मी तिच्या सासरीं गेलों, तेव्हां ती मला फार उतरलेली दिसली. ओवाळतांना तिचा हात किंचित् कांपत होता. "आक्का, प्रकृति बरी नाहीं का ग?" असें मीं विचारलें. "वय झालं रे आतां," ती म्हणाली, आणि तिनें माझ्या ताटांत आणखी एक करंजी वाढली. मीं ती करंजी खाल्ली आणि विषय तेथेंच संपला.

पुढें कळलें तें असें. त्या वेळीं तिची पाळी जाऊन चार वर्षें झालीं होतीं आणि सहा महिन्यांपासून तिच्या अंगावरून अधूनमधून लाल जात होतें. तिनें तें फक्त आपल्या जावेला सांगितलें होतें. जाऊबाई मनानें वाईट नव्हत्या. "पाळी परत आली, म्हणजे अंगांत अजून रक्त आहे, चांगलंच लक्षण," असें सांगून त्यांनीं तिची समजूत घातली. आक्काला तें पटलें, कारण तें खरें असावें असें तिला मनापासून वाटत होतें. पोट आणि कंबर दुखूं लागल्यावर तिला तालुक्याच्या गांवीं व तेथून शहरांत नेलें. तोंपर्यंत रोग गर्भाशयाबाहेर पसरला होता. 2002 च्या उन्हाळ्यांत आक्का गेली. तिच्या यजमानांना, मुलाला, मला, कोणालाही कित्येक महिने या गोष्टीचा पत्ता नव्हता. आम्हां सर्वांचें तिच्यावर प्रेम होतें. पण ज्याच्याजवळ हें बोलतां येईल असें माणूस आमच्यांत तिला दिसलें नाहीं. हा दोष तिचा कीं आमचा?

आतां दुसरा प्रसंग. जून 2023 मधील वटपौर्णिमा. माझी पत्नी त्या वेळीं एकुणसाठ वर्षांची होती आणि तिची पाळी जाऊन नऊ वर्षें झालीं होतीं. वडाची पूजा तिनें लग्नापासून कधीं चुकविली नव्हती. त्या दिवशीं मात्र सूनबाई एकटीच पूजेचें ताट घेऊन निघाली. "गुडघे दुखताहेत," असें हिनें सांगितलें. गेले कांहीं दिवस देवघरांतील दिवाही सूनबाईच लावीत होती. स्वयंपाकघरांतील फळीवर गुलकंदाची बरणी आणि सब्जाची पुडी आली होती, आणि धण्याजिऱ्याचें पाणी रोज रात्रीं भिजत पडत होतें. उन्हाळ्यांत उष्णता झाली म्हणजे आमच्याकडे हा सरंजाम निघतो. पण तो सर्वांसाठीं निघतो. या वेळीं तो एकटीसाठीं निघाला होता.

रात्रीं जेवणें झाल्यावर मीं विचारलें. "कांहीं नाहीं हो, उष्णता झालीय," असें उत्तर आलें. मीं पुन्हां विचारलें. मग पदराचें टोंक बोटाला गुंडाळीत ती बराच वेळ बसली आणि म्हणाली, "अंगावरून जातंय. पांच आठवडे झाले." येथें मीं पहिली चूक केली. "पांच आठवडे? आणि आज सांगतेस?" असें मीं म्हटलें, आणि तें ज्या आवाजांत म्हटलें, तो चौथीच्या वर्गांतला आवाज होता. तिचें बोलणें तेथेंच थांबलें. ती उठून भांडीं आवरूं लागली.

रात्रभर मला झोंप आली नाहीं. डोळ्यांपुढें आक्काचा ओवाळणारा हात दिसत होता. सकाळीं चहा घेतांना मीं तिला आक्काची गोष्ट प्रथमपासून सांगितली. आक्का कशानें गेली एवढेंच तिला ठाऊक होतें. मीं त्या भाऊबीजेला विचारून गप्प बसलों होतों, हें ठाऊक नव्हतें. "मला भीति वाटते," असें मीं कबूल केलें. तेव्हां कोठें ती बोलूं लागली. श्रोते हो, घरांतील स्त्रीनें असें कांहीं सांगितलें, तर आपल्या तोंडून निघणारें पहिलें वाक्य "इतके दिवस कां लपविलंस?" हें नसावें. "सांगितलंस हें बरं केलंस," हें असावें. जाब विचारल्यावर माणूस उत्तर शोधतो. विश्वास दाखविल्यावर तो हकीकत सांगतो. अडतीस वर्षें मुलांत काढून मला हें ठाऊक असावयास हवें होतें.

तिनें लपविण्याचीं कारणें ऐकलीं, तेव्हां मला फार वाईट वाटलें. पहिलें कारण सोंवळ्याचें. या वयांत आपण पूजेला बसावें कीं बाजूला बसावें, आणि सुनेला काय सांगावें, या पेचांतच तिचे कित्येक दिवस गेले होते. दुसरें कारण तपासणीची धास्ती. बाळंतपणानंतर तीस वर्षांत कोणत्याही डॉक्टरनें तिची तशी तपासणी केली नव्हती. तिसरें कारण असें कीं, नातवाचें दहावीचें वर्ष सुरू होत होतें. घरांत आजारपण निघालें तर त्याच्या अभ्यासाचें नुकसान होईल! आपल्या घरांतील स्त्रिया आपल्या दुखण्याला नेहमीं असा शेवटचा नंबर देतात, आणि तो त्यांचा सद्गुण आहे असें आपण समजतों.

डॉक्टरकडे जावयाचें ठरलें. "बरोबर कोण येऊं? मी, सूनबाई, कीं तुझी बहीण?" असें मीं विचारलें. सोबतीला कोण हवें, आणि आंत कोण व बाहेर कोण, हें ठरविण्याचा अधिकार जिची तपासणी व्हावयाची तिचा आहे. तिनें दोघांना नेलें. बोलण्याच्या वेळीं मी, आणि प्रत्यक्ष तपासणीच्या वेळीं सूनबाई. डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळीं दुसरी स्त्री जवळ असावी हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेंत तो नमूद आहे. तो मागण्यास संकोच करूं नये.

आमच्या डॉक्टरीणबाई होत्या. 1883 सालीं बंगालमधील सेरामपूर येथें आनंदीबाई जोशी यांनीं आपण वैद्यक शिकण्यास अमेरिकेस कां जातों, हें जाहीर सभेंत सांगितलें, तेव्हां या देशाला स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हाच त्यांचा मुख्य मुद्दा होता. 1886 सालीं त्या डॉक्टर झाल्या. 1927 पासून 1953 पर्यंत र. धों. कर्वे यांनीं लोकनिंदा सोसून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें आणि शरीराविषयीं मराठींत स्पष्ट बोलण्याचा पायंडा पाडला. डॉक्टरीणबाई आज गल्लोगल्लीं आहेत, छापील माहितीही हवी तेवढी आहे. परंतु घराच्या उंबरठ्याच्या आंत जीभ अजून अडखळतेच.

जाण्यापूर्वीं आम्हीं एक कागद केला. रक्त कोणत्या तारखांना गेलें, किती, रंग कसा, दुखलें काय, हें त्यावर लिहिलें. पाळी कोणत्या वर्षीं गेली तें लिहिलें. चालू असलेल्या सर्व औषधांचीं नांवें लिहिलीं. कारण रक्त पातळ करणारीं औषधें, संप्रेरकांच्या गोळ्या, आणि स्तनाच्या कर्करोगावर देतात तें टॅमॉक्सिफेन, यांचा या रक्तस्रावाशीं संबंध असूं शकतो. मात्र यांपैकीं कोणतेंही औषध आपल्या मनानें बंद करूं नये. तें डॉक्टरांनीं ठरवावयाचें असतें. शेवटीं आम्हांला विचारावयाचे तीन प्रश्न लिहिले: कारण काय असूं शकेल, कोणती तपासणी करावयाची, आणि अहवाल केव्हां मिळेल.

इतकी तयारी करूनही मीं दुसरी चूक केलीच. डॉक्टरीणबाई प्रश्न हिला विचारीत होत्या आणि उत्तरें मी देत होतों. दोन-तीनदां असें झाल्यावर त्या हंसून म्हणाल्या, "काका, काकूंना सांगूं द्या." मीं ओशाळून कागद हिच्या हातांत दिला. मग तिनें अशा दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मला ठाऊकच नव्हत्या. सोबत जाणाऱ्यानें दुसऱ्याची जीभ होऊं नये. त्याचे कान उपयोगी पडतात. घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांचें अर्धें बोलणें ऐकूं येत नाहीं. तें आपण ऐकून टिपून ठेवावें.

डॉक्टरीणबाईंनीं कारणें समजावून सांगितलीं. पाळी गेल्यावर शरीरांतील इस्ट्रोजेन हें संप्रेरक कमी होतें. त्यामुळें योनिमार्गाची व गर्भाशयाची आंतील त्वचा पातळ व कोरडी होऊन तिच्यांतून रक्त येऊं शकतें. हें कारण पुष्कळ वेळां आढळतें. गर्भाशयाच्या अस्तरांतून लोंबणारी लहानशी मांसल वाढ असते. तिला पॉलिप म्हणतात. कधीं सगळें अस्तरच जाड होतें. आणि कधीं गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग असतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें पाळी गेल्यानंतर रक्त गेलेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें नऊ जणींना अस्तराचा कर्करोग आढळतो. म्हणजे एक्याण्णव जणींना तो नसतो. परंतु त्याच आढाव्याचा दुसरा आंकडा असा कीं, अस्तराचा कर्करोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें नव्वद जणींना असा रक्तस्राव झालेला असतो. पहिला आंकडा धीर देतो, दुसरा उशीर करूं देत नाहीं. गणिताचा मास्तर म्हणून सांगतों, हे दोन्ही आंकडे बरोबरच वाचावयाचे असतात. वजन फार असणें, मधुमेह, मूल न झालेलें असणें किंवा घराण्यांत असा रोग असणें यांनीं धोका वाढतो. परंतु यांतलें कांहीं नाहीं म्हणून तपासणी टाळतां येत नाहीं. रोग गर्भाशयाच्या आंत आहे तोंवर सांपडला, तर बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. आक्काच्या बाबतींत गेला तो हाच काळ होता.

तपासणीचे टप्पे सांगतों, म्हणजे अज्ञाताची भीति थोडी कमी होईल. प्रथम डॉक्टर गर्भाशयाचें तोंड, ज्याला आपल्याकडे पिशवीचें तोंड म्हणतात, तें एका उपकरणानें पाहतात व जरूर तर तेथील पेशी पुसून तपासणीस पाठवितात. ही तपासणी क्षुल्लक समजूं नये. आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. पूर्वीं कांहीं त्रास नसलेल्या स्त्रियांची एकदांच विषाणूची चाचणी केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु सुमारें निम्म्यावर येतात, हें त्यांतून 2009 सालीं जगापुढें आलें.

नंतर सोनोग्राफी. पोटावरून पाहावयाची असेल तर लघवीची पिशवी भरलेली लागते. आंतून, म्हणजे योनिमार्गांतून पाहावयाची असेल तर ती रिकामी लागते. हें आधीं विचारून घ्यावें. नाहीं तर बिचारी बाई तासभर पाणी पीत बसते आणि आंत गेल्यावर "लघवीला जाऊन या" असें ऐकते. आमचें तसेंच झालें. त्या प्रतीक्षागृहांत समोरच्या भिंतीवर 'येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं' अशी कायद्याची पाटी होती. आजूबाजूला सगळ्या तरुण, पोटुशा मुली, आणि मध्यें आम्ही दोघें म्हातारीं. ती पाटीकडे पाहून हळूच म्हणाली, "आपण चुकीच्या वर्गांत बसलो आहोंत." त्या दिवशीं ती प्रथमच हंसली. मला मात्र तिचा हात धरावासा वाटला. पण लोक काय म्हणतील म्हणून मीं तो धरला नाहीं. तो धरावयास हवा होता, असें मला आजही वाटतें.

आंतून केलेल्या सोनोग्राफींत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजतात. पाळी गेलेल्या स्त्रींत ती चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर कर्करोगाचा संभव फारच थोडा असतो. त्याहून अधिक असेल, किंवा अस्तर पातळ असूनही रक्त पुन्हां पुन्हां जात असेल, तर अस्तराचा नमुना काढून पाहावा लागतो. हिची जाडी नऊ मिलिमीटर भरली.

नमुना काढणें, ज्याला लोक तुकडा काढणें म्हणतात, हें बहुधा दवाखान्यांतच होतें. एक बारीक नळी गर्भाशयांत घालून अस्तराचे कण ओढून घेतात. कांहीं मिनिटांचेंच काम. पण पाळीच्या वेळीं येते तशी कळ येते, कोणाला थोडी, कोणाला जबर. "कांहीं दुखत नाहीं" असें आपण सांगूं नये. आपल्याला काय ठाऊक? आधीं वेदनाशामक गोळी घ्यावी काय, तें डॉक्टरांना विचारावें. दुखणें सोसेनासें झालें तर थांबा म्हणण्याचा तिला हक्क आहे आणि भूल देऊनही हें करतां येतें, एवढें तिला सांगून ठेवावें. तुकडा काढला कीं रोग पसरतो, ही समजूत मीं सुशिक्षितांच्या घरांतही ऐकली आहे. ती खोटी आहे. नमुना सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून निदानच होत नाहीं, आणि निदानावांचून उपचार म्हणजे अंधारांत दगड मारणें होय.

नऊ दिवसांनीं अहवाल मिळेल असें सांगण्यांत आलें. या नऊ दिवसांबद्दल कोठें फारसें लिहिलेलें नसतें. पण सोबत करणाऱ्याची परीक्षा तेथेंच होते. मीं प्रथम तिला दर तासाला "बरं वाटतंय ना?" असें विचारून बेजार केलें. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "माझ्याकडे रोग्यासारखं पाहूं नका. भाजी आणा." मीं भाजी आणली. चौथ्या दिवशीं दुपारीं ती कपाट आवरीत होती. पाटल्यांची डबी हातांत घेऊन ती म्हणाली, "या नातीला द्यायच्या. सूनबाईला मोहनमाळ. लक्षांत ठेवा." माझ्या ओठांवर "असलं अभद्र बोलूं नकोस" हें वाक्य आलें होतें. तें मीं गिळलें. खालीं बसलों आणि म्हटलें, "बरं. आणखी?" मग तिनें सगळें सांगितलें: दागिने, तिच्या नांवावरची ठेव, आपलें कसें करावें, कसें करूं नये. अर्धा तास ती बोलत होती व मी ऐकत होतों. बोलून झाल्यावर तिनें डोळे पुसले, उठून चहा टाकला, आणि त्या रात्रीं तिला कित्येक दिवसांनंतर गाढ झोंप लागली. आपण धीर देतों असें समजून पुष्कळदां दुसऱ्याचें तोंड बंद करतों. "कांहीं होणार नाहीं" हें वाक्य बहुधा आपल्याच भीतीसाठीं असतें. तें खरें ठरेल असें आपण सांगूं शकत नाहीं. "जें होईल त्यांत मी आहें," एवढें मात्र कोणीही खरेपणानें सांगूं शकतो.

नवव्या दिवशीं पाकीट आणण्यास मी एकटाच गेलों. अडतीस वर्षें मीं दुसऱ्यांच्या मुलांचे निकाल आधीं वाचून मग जाहीर केले. तें पाकीट मीं रस्त्यांत फोडलें नाहीं. तो निकाल तिचा होता. घरीं येऊन तिच्या हातांत दिला. तिनें तो उघडला, आणि त्यांत निकालच नव्हता! नमुना अपुरा आला होता. पाळी गेल्यावर पिशवीचें तोंड अरुंद होतें, अस्तर हाताला लागत नाहीं, म्हणून असें घडतें, असें डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें. येथें पुष्कळ लोक थांबतात. कांहीं निघालें नाहीं, म्हणजे कांहीं नाहीं, असें समजून घरीं बसतात. अपुरा नमुना म्हणजे चांगला अहवाल नव्हे. कोऱ्या उत्तरपत्रिकेला कोणी उत्तीर्ण म्हणत नाहीं.

म्हणून पुढची पायरी चढावी लागली. भूल देऊन दुर्बिणीनें गर्भाशयाच्या आंत पाहणें. त्या दिवशीं सकाळपासून उपाशी राहावें लागतें, मधुमेहाच्या औषधाविषयीं आधीं विचारून ठेवावें लागतें, आणि परततांना बरोबर जबाबदार माणूस व वाहन लागतें. दुर्बिणींत एक पॉलिप दिसला. तो त्याच वेळीं काढून अस्तराच्या नमुन्यासह तपासणीस पाठविला. घरीं आल्यावर दोन-चार दिवस थोडें लाल जाणें स्वाभाविक असतें. परंतु ताप आला, पोटांत जोरानें दुखूं लागलें, घाण वास येऊं लागला किंवा तासाभरांत घडी भिजूं लागली, तर रात्र असली तरी डॉक्टरांना कळवावें, अशी सूचना मिळाली होती. तसें कांहीं झालें नाहीं.

पुन्हां वाट पाहणें. या वेळीं आम्ही दोघेंही शहाणीं झालों होतों. सकाळीं फिरावयास जात होतों, संध्याकाळीं नातवाचें भूमितीचें पुस्तक घेऊन बसत होतों. अहवाल आला. पॉलिप साधा होता. अस्तरांत वाईट कांहीं नव्हतें. तिनें तो कागद दोनदां वाचला, देवापुढें ठेवला, स्वतः दिवा लावला आणि मला म्हणाली, "आक्कांना नमस्कार करा." मीं भिंतीवरच्या तसबिरीला नमस्कार केला. पुन्हां रक्त दिसलें तर पुन्हां यावयाचें, पूर्वीचा अहवाल चांगला आहे म्हणून थांबावयाचें नाहीं, हें डॉक्टरीणबाईंनीं बजावून सांगितलें होतें.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. आमची हकीकत कळल्यावर दोन शेजाऱ्यांनीं सल्ला दिला, "पिशवीच काढून टाका, म्हणजे कटकट नाहीं." 2019 सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशयें काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यास राज्य शासनाला समिति नेमावी लागली होती, हें आपणांस आठवत असेल. कर्करोग आढळला तर शस्त्रक्रिया हाच बहुधा मुख्य उपाय असतो आणि तेव्हां एक दिवसही व्यर्थ दवडूं नये. परंतु कारण कळण्यापूर्वींच अवयव काढण्यास संमति देऊं नये; आधीं अहवाल, मग निर्णय, आणि शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचें मत, हाच क्रम असावा.

श्रोते हो, आमचा निकाल चांगला लागला म्हणून मी हें सांगत नाहीं. तो वाईट लागला असता तरीही पांच आठवड्यांनीं कळणें आणि पांच महिन्यांनीं कळणें यांत जन्म-मृत्यूचें अंतर पडूं शकलें असतें. आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरांत पन्नाशी ओलांडलेली कोणी तरी आहे: आई, सासू, पत्नी, बहीण, मावशी, किंवा वर्षानुवर्षें आपल्या घरीं भांडीं घासणाऱ्या मावशी. त्यांना आज, दुखणें नसतांनाच, एवढें सांगून ठेवा: पाळी गेल्यावर एकदांही लाल दिसलें तर तें उष्णतेचें नव्हे, लाजेचेंही नव्हे, तें डॉक्टरांना सांगावयाचें आहे, आणि बरोबर यावयास मी आहें.

2000 सालच्या भाऊबीजेला मीं एक प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाल्यासारखें करून जेवत बसलों. दुसऱ्यांदा विचारण्याइतका धीर माझ्यांत असता, तर कदाचित् आजही कार्तिकांत मी त्या गांवीं जात असतों. आपल्या घरीं कोणी "कांहीं नाहीं हो" म्हणालें, तर श्रोते हो, आपण कृपा करून दुसऱ्यांदा विचारा.